दाराकडे निघालेला कळप

मित्रांनो, आत्मवृत्त म्हटलं की तुम्हाला काय ऐकायची सवय आहे ते मला ठाऊक आहे. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी सगळे मिळून तुम्हाला माफ करून टाकतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी कागदावरची शेळी आहे, तुमच्या पणजोबांच्या पणजोबांहून जुनी, आणि मी चिडलेली आहे. शेळीचा राग तो काय, असं म्हणून हसू नका. आधी सगळं ऐका.

माझा जन्म इटलीतला, अठराव्या शतकातला. ज्यानं मला काढलं तो माणूस रोमबाहेरच्या टेकडीवर दगडावर बसून दिवसभर गुरं बघायचा आणि घरी जाऊन ती तांब्याच्या पत्र्यावर उतरवायचा. ह्या प्रकाराला एचिंग म्हणतात. नाव गोंडस आहे, काम नाही. आधी पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला. मग तो धुरावर धरून काळा केला. मग सुईनं माझी दाढी, माझी शिंगं, अंगावरचा एकेक केस त्या मेणात ओरबाडला आणि अख्खा पत्रा तेजाबात बुडवला. जिथे सुई फिरली होती तिथे तेजाब तांबं खात गेलं. लांबच्या टेकड्यांवर त्यानं लगेच रोगण फासलं, म्हणून त्या सुटल्या आणि फिकट राहिल्या. मी बघणाऱ्याच्या सगळ्यांत जवळ, म्हणून मी तेजाबात सगळ्यांत जास्त वेळ. लोक चष्मा सावरत म्हणतात, काय सुंदर गडद रेघ आहे. मला त्यांना शिंगावर घ्यावंसं वाटतं.

त्या खाचांत शाई भरली, वर ओलसर कागद ठेवला, रुळाखालून दाबून काढला, आणि आम्ही कागदावर आलो. पुढे गाय, तिच्या पोटाशी वासरू, मागे दोन मेंढ्या, गाढवावर पेंगणारा गुराखी, आणि शेवटी मान वळवून मागे बघणारी मी. सगळे डावीकडे चाललेलो. चाललेलो म्हणजे पाय उचललेला आहे, टाकलेला कोणीच नाही. अडीचशे वर्षांत आम्ही एक पाऊलही पुढे सरकलेलो नाही, आणि तरी आमच्या चालण्यावरून एका घरात रामायण घडलं.

ते घर जर्मनीतलं, स्टुटगार्टमधलं. कोणातरी शौकिनाच्या सामानातून मी आल्प्स ओलांडून आले आणि बऱ्याच भिंती बदलून शेवटी हेगेले नावाच्या कुटुंबात स्थिरावले. चढाच्या रस्त्यावर त्यांचा तळमजल्याचा फ्लॅट होता. त्या घरातली मुलगी शाळेत जाताना आम्हाला रोज सकाळी गुटन मॉर्गन म्हणायची. ती म्हातारी झाली, फ्राउ हेगेले झाली, तरी म्हणायची. काच पुसायची ती कोरड्या फडक्यानं. ऊन आमच्यावर येऊ नये म्हणून दुपारी पडदा ओढायची. फार बोलायची नाही. मला तिचा कधी राग आला नाही, आणि माझ्या नाकावर राग बसलेलाच असतो, हे ध्यानात घ्या.

तिच्या वरच्या मजल्यावर उल्का राहायला आली. मूळची पुण्याची, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेली. नवरा शशिधर गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. पहिल्या हिवाळ्यात उल्काला ना भाषा येत होती, ना बोलायला कोणी होतं. फ्राउ हेगेलेचे गुडघे दुखायचे, म्हणून उल्का तिचं दूध-पाव आणून द्यायची, आणि त्या बदल्यात फ्राउ हेगेले तिला आमच्यासमोर उभी करून एकेका प्राण्यावर बोट ठेवायची. डी कू, गाय. डेर एझेल, गाढव. डी त्सीगं, म्हणजे मी. उल्का जर्मन शिकली ती माझ्या शिंगांपासून, दाढीपासून, मागच्या पायापासून. पुढे तिला इथल्या वाचनालयात काम मिळालं, तेव्हा ती पेढे घेऊन आधी खाली आली होती, आणि तिनं मलाही पेढा दाखवला होता.

म्हणून फ्राउ हेगेले वृद्धांच्या हाइममध्ये राहायला निघाली तेव्हा तिनं आम्हाला उल्काच्या हातात दिलं. भाच्याला दिलं नाही, दुकानात दिलं नाही. एवढंच म्हणाली, "ह्यांच्याकडे लक्ष दे. आणि माझ्या वाढदिवसाला मला कॉफीला बोलावत जा, म्हणजे भेट होईल."

"तुम्ही सांभाळलंत तसंच सांभाळीन," उल्का म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मित्रांनो, डोळे भरून येणं सोपं असतं. त्याला फार भुलू नका.

वरच्या फ्लॅटमध्ये शिरलं की लांबट फ्लुअर, म्हणजे आतल्या खोल्यांकडे जाणारा बोळ. आत येताना डाव्या हाताच्या भिंतीवर, चपलांच्या कपाटावर, उल्कानं आम्हाला टांगलं. काही वर्षं उत्तम गेली. उल्काची मुलगी कुहू आई मराठीत बोलली की जर्मनमध्ये उत्तर देते, पण माझ्याशी ती मराठीत बोलायची. तिला वाटायचं, शेळीला जर्मन येत नाही. मी तो गैरसमज दूर केला नाही. वाढदिवसाला फ्राउ हेगेले यायची, माझ्यासमोर खुर्ची टाकून केक खायची, आणि जाताना उल्काचा हात दाबायची.

आणि मग शशिधरच्या कंपनीला घरघर लागली. आज ह्या विभागाची बातमी, उद्या त्या विभागाची. शशिधर जेवताना फोन उपडा ठेवू लागला. नेमके त्याच उन्हाळ्यात त्याचे मामा पुण्याहून राहायला आले. चारुदत्तमामा. माणूस प्रेमळ, हे मला मान्य करायलाच हवं. येताना कुहूसाठी बेसनाचे लाडू आणले, घरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावून दिली. पण वास्तुशास्त्राचं वेड. दुसऱ्याच दिवशी ते मोबाइलमधलं होकायंत्र घेऊन फ्लुअरमध्ये उभे राहिले आणि त्यांची नजर आमच्यावर पडली.

"शशी, इकडे ये जरा. ही गुरं कुठे चाललीत?"

"कुठे म्हणजे? चित्र आहे मामा ते."

"चित्रच. पण तोंडं बघ. सगळी दाराकडे. घरातलं गाय-वासरू घराबाहेर चाललंय, आणि तू मला विचारतोस नोकरीचं काय होणार."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोटारी खपेनात, कारखान्यांत कामं कमी झाली, मोठमोठ्या साहेबांनी नको ते निर्णय घेतले, आणि खापर फुटलं कोणाच्या डोक्यावर, तर एका शेळीच्या.

उल्का स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अहो मामा, त्याचा अख्खा विभाग बंद व्हायची भाषा चालू आहे. त्या सगळ्यांच्या घरी काय गुरं टांगलीत का?"

"त्यांचं त्यांना माहीत, सूनबाई. आपण आपलं घर बघावं."

मग आमची वरात निघाली. समोरच्या भिंतीवर लावलं असतं तर आम्ही आपोआप घरात शिरलो असतो, पण त्या भिंतीवर दारंच दारं, न्हाणीघराचं, स्वयंपाकघराचं, कुहूच्या खोलीचं. बैठकीच्या खोलीत लावून बघितलं तर आम्ही बाल्कनीकडे निघालो. झोपायच्या खोलीत जनावरं नकोत, असं मामांचं म्हणणं. अखेर शशिधरला युक्ती सुचली. तो इंजिनिअर आहे, त्याला युक्त्या सुचतात. त्यानं मोबाइलवर आमचा फोटो काढला, बोटानं तो आरशातल्यासारखा उलटा केला, आणि मोठ्या कॅनव्हासवर छापायला टाकला. "आल्झो, झालं तर, आता सगळी आत येतील," तो म्हणाला.

"आणि हे?" उल्कानं आमच्याकडे बोट केलं.

"खाली केलरमध्ये. नीट गुंडाळून ठेवतो."

"फ्राउ हेगेलेंना काय सांगू?"

शशिधर खुर्चीवर बसला. "उल्का, ह्यात काही तथ्य नाही हे मलाही कळतं. पण मला झोप येत नाहीये. मामांचं ऐकलं तर निदान आपण काहीतरी केलं असं तरी वाटेल." त्याचा चेहरा उतरलेला होता. उल्का त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तात्पुरतं ना?" तो म्हणाला, "तात्पुरतं."

मला त्या शब्दाची चीड आहे. नको असलेल्या प्रत्येक वस्तूला आधी तात्पुरतंच ठेवतात.

केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर. माझ्या एका बाजूला गाडीचे हिवाळी टायर, दुसऱ्या बाजूला आकाशकंदिलाचं खोकं आणि चकलीचा सोऱ्या. गुंडाळायचं राहूनच गेलं. शशिधरनं मला बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि चढाच्या रस्त्यावरच्या घराची ती भिंत मातीत पुरलेली, बाराही महिने ओलसर. आधी चौकटीचं लाकूड फुगलं. मग ओल कागदाच्या खालच्या कडेनं वर चढायला लागली. मेंढ्यांच्या पाठीवर तपकिरी ठिपके उमटले, आणि रुपेरी कसर रोज येऊन कागद कुरतडू लागली. मी मागे बघतेय ना, मला सगळं दिसत होतं. पुढे चाललेल्यांना काही कळत नव्हतं. वासराचे खूर बुरशीनं झाकले गेले तेव्हा गाय शांतपणे पुढेच बघत होती, आणि मला त्या गाईचाही राग आला.

वर त्या कॅनव्हासचं कौतुक चाललेलं. महाराष्ट्र मंडळातले पाहुणे जिन्यावरून उतरताना बोलायचे ते मला झरोक्यातून ऐकू यायचं. काय छान अँटिक लुक आहे म्हणे. कुहू एकटी कुरकुरली. शेळी उलटी उभी आहे, हिच्याशी मी बोलणार नाही, असं तिनं जर्मनमध्ये जाहीर केलं आणि तिला गप्प करण्यात आलं.

मामा समाधानानं पुण्याला परतले. गुरं घरात शिरत राहिली. आणि हिवाळा संपता संपता शशिधरची नोकरी गेली.

मला वाटलं, आता तरी ह्यांचे डोळे उघडतील आणि मला वर नेतील. कसलं काय. मामांचा फोन आला. तळघरात रेंज नाही म्हणून शशिधर केलरच्या पायऱ्यांवर उभा राहून बोलत होता, आणि फोन मोठ्या आवाजावर होता.

"मूळ चित्राचं काय केलंस?"

"खाली केलरमध्ये आहे."

"म्हणजे घराच्या पायाशीच ठेवलंयस की. अरे, वरचं फिरवून काय उपयोग? ते बाहेर काढ आधी."

त्या संध्याकाळी त्यानं उल्काला सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दोघं टायर घ्यायला खाली आले तेव्हा तोच विषय चालू होता. "मला आत्ता ह्यावर वाद नको," उल्का म्हणत होती, "बघू नंतर." तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर वासराचे पाय दिसले असते. शशिधरनं त्या बघू नंतरचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. घरातला मोठा कचरा उचलून न्यायला नगरपालिकेची गाडी येते, तिला इथे श्पेरम्युल म्हणतात. त्यानं त्या गाडीची वेळ घेतली. सामान आदल्या दिवशी फुटपाथवर काढून ठेवायचं असतं, आणि तो आदला दिवस नेमका फ्राउ हेगेलेच्या वाढदिवसाचा निघाला.

त्या दुपारी जिन्यात उल्काचा आवाज ऐकू आला. "मी त्यांना घेऊन येते. तोवर खालचं चित्र वर आणून लाव हं, शशी. विसरू नकोस." शशिधर हं म्हणाला. ती गेली. तो खाली आला, मला उचललं, जिन्यापाशी थांबला. क्षणभर माझा विश्वास बसला होता, खोटं कशाला बोलू. मग तो वर न जाता बाहेर गेला आणि मला एका फाटक्या गादीला टेकवून ठेवलं. "सॉरी," तो माझ्याकडे न बघता पुटपुटला. "तसंही त्यांना मोतीबिंदू आहे. वरचं बघून काही कळायचं नाही."

मोतीबिंदू होता. त्याचं ऑपरेशन त्याच हिवाळ्यात झालं होतं, आणि ती बाई आता लांबच्या श्टाटबानवरची, म्हणजे ट्रामवरची, पाटीसुद्धा वाचत होती.

त्या दोघी वळणावरून आल्या. फ्राउ हेगेले चालताना आधाराला घ्यायचा चाकांचा रोलाटोर ढकलत, निळा कोट घालून, केस विंचरून. उल्का तिच्यासाठीची फुलं धरून. फ्राउ हेगेले गादीपाशी थांबली. उल्का दोन पावलं पुढे जाऊन मागे वळली, आणि तिनं मला पाहिलं.

फ्राउ हेगेले खाली वाकली. गुडघे दुखत असताना वाकली. कोटाच्या बाहीनं तिनं काच पुसली, मेंढ्यांवरचे ठिपके पाहिले, वासराचे पाय शोधले. ते नव्हते. मी वाट बघत होते, आता ही चिडेल, ही ओरडेल, सगळ्या इमारतीच्या खिडक्या उघडतील. ती हळू आवाजात म्हणाली, "उल्का, मला माफ कर. तुझ्याकडे जागा आहे का, हे मी आधी विचारायला हवं होतं. तू भिडेपोटी हो म्हणालीस."

अगं बाई, चिड की. तुझ्या आईबापांनी जपलेलं, तू जन्मभर जपलेलं, ते कचऱ्यात पडलंय आणि तू माफी मागतेस? मला त्या क्षणी आवाज असता तर मी अख्खा रस्ता गोळा केला असता.

शशिधर एक मोडकी खुर्ची घेऊन खाली आला आणि दारातच थबकला.

"हे तू केलंस?" उल्कानं मराठीत विचारलं.

"मामा म्हणाले की..."

"मामा पुण्यात आहेत. हात कोणाचा होता?"

"माझा होता." त्यानं खुर्ची खाली ठेवली. "पण मी सांगितलं तेव्हा तू तरी नाही कुठे म्हणालीस? केलरमध्ये नेताना म्हणालीस? एकदा तरी म्हणालीस?"

उल्कानं फुलं फुटपाथवर ठेवली, मला दोन्ही हातांनी उचललं. ती वर निघाली, तेव्हा फ्राउ हेगेलेनं रोलाटोर वळवला. "वर नको," ती म्हणाली. "त्यांना माझ्याकडे घेऊन चल." वर टेबलावर केक कापायचा राहिला. श्टाटबानमध्ये उल्का मला मांडीवर धरून बसली होती, आणि सगळा वेळ रडत होती. मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

आता मी हाइममध्ये आहे. खोली लहान, खिडकी मोठी, आणि पलंगासमोरची एकच भिंत मोकळी, तिच्यावर दुपारभर ऊन. कागद दुरुस्त करणाऱ्या एका बाईंनी बुरशी थांबवली, पण वासराचे पाय काही परत आले नाहीत. उन्हानं माझी रेघ फिकी पडणार हे फ्राउ हेगेलेला कळतं. ती पलंगावरून उठून पडदा ओढायला बघते, आणि तिच्याने होत नाही.

तिकडे शशिधरला दुसरी नोकरी लागली. मामांनी लगेच फोन केला म्हणे, बघ, मूळ चित्र घराबाहेर गेलं आणि काम झालं. माझं डोकं फिरायचं तेवढं ह्यावर फिरून झालंय.

मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या, त्यांवर धूळ बसू देऊ नका, असं तुम्हाला सगळ्या आत्मवृत्तांनी सांगितलं असेल. उल्कानं माझ्यावर कधी धूळ बसू दिली नव्हती. धूळ कोणीही पुसतं. तुमच्या विश्वासावर दिलेली वस्तू कोणी हलवायला आलं, आणि येणारा माणूस वडीलधारा असो, लाडका असो, घाबरलेला असो, तर त्याच्यासमोर उभं राहून नाही म्हणावं लागतं. तेवढं जमणार नसेल तर भरल्या डोळ्यांनी कोणाचं काही घेऊ नका.

उल्का दर रविवारी येते. पडदा ओढते, फ्राउ हेगेलेच्या पायांना तेल लावते. घरचा कॅनव्हास तिनं त्याच दिवशी उतरवला, पण ते मामांना अजून कळलेलं नाही. व्हिडिओ कॉल आला की ती फोन घेऊन फ्लुअरमधून पटकन आत जाते, असं तिनं स्वतःच परवा सांगितलं, आणि सांगून खाली बघितलं.

त्याच रविवारी तिनं शेवटी विचारलं. "तुमच्यानंतर मी ह्यांना पुन्हा नेऊ का?"

फ्राउ हेगेलेनं आमच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मला विचारू नकोस. त्यांना विचार."

उल्का उठली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली, आणि मराठीत म्हणाली, "येशील का गं? ह्या वेळी कोणी काही म्हणालं तर मी नाही म्हणेन."

मित्रांनो, मी अजून हो म्हटलेलं नाही. आधी तिला मामांसमोर नाही म्हणताना मला ऐकायचंय.